इंग्लंडमधल्या खेड्यात घर घेताना: गाव निवडण्यापासून किल्ली हातात येईपर्यंत

लंडन, स्लाव किंवा मिल्टन कीन्समध्ये काही वर्षं नोकरी झाली, मुलं शाळेच्या वयाला आली, की बऱ्याच मराठी घरांत हा विषय निघतो. एवढ्या पैशांत इथे टीचभर अंगण मिळतं, तर तासाभराच्या अंतरावरच्या एखाद्या खेड्यात दगडी घर का घेऊ नये? घ्यावं. पण जाहिरातीत फक्त घर दिसतं. त्या घराबरोबर येणारी बंधनं, वहिवाटीच्या वाटा, जमिनीखालच्या टाक्या आणि जुनी देणी दिसत नाहीत. शहरात ही भानगड थोडी असते, खेड्यात भरपूर. ती शोधून काढायला मुदतही ठरलेली असते. करारांची अदलाबदल (दोन्ही बाजूंनी सही केलेले करार एकमेकांना देणं) होईपर्यंत तुम्ही मोकळे असता, नंतर नाही. म्हणून या लेखात फायरप्लेस आणि गुलाबांच्या वेलींपेक्षा कागदांवर जास्त भर आहे. इथली माहिती इंग्लंडपुरती आहे; स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.

पायरी १: आधी गाव, घर नंतर

खेडं म्हटलं की सगळे कॉट्सवोल्ड्सकडे धावतात. मधाच्या रंगाचा चुनखडी दगड, उतरती छपरं, गावातून वाहणारा ओढा. १९६६ पासून हा प्रदेश निसर्गसंरक्षित आहे, त्यामुळे नवी बांधकामं कमी, आणि लंडनवाल्यांची सुट्टीची घरं पुष्कळ. किमती तशाच. तेवढीच जुनी दगडी घरं नॉर्थअँप्टनशायर, रटलंड, लिंकनशायरमध्ये बऱ्याच कमी पैशांत मिळतात. तिथला दगड लोहयुक्त, तांबूस. पर्यटकांच्या बसगाड्याही तिथे फारशा येत नाहीत. माझं मत विचाराल तर राहायला हीच गावं बरी.

गाव मनात भरलं तरी लगेच घर घेऊ नका. जमलं तर त्याच पट्ट्यात आधी भाड्याने राहा आणि तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. जून महिन्यात इंग्लंडमधलं कुठलंही खेडं सुंदरच दिसतं. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, गावात रस्त्यावरचे दिवे बहुधा नसतात, आणि संध्याकाळी दूध संपल्याचं लक्षात आलं तर गाडी काढावी लागते. हे ज्याला चालतं त्याला खेडं चालतं.

भाड्याने राहणं शक्य नसेल तर निदान दोन फेऱ्या मारा: एक सोमवारी सकाळी साडेसातला, शाळा-ऑफिसच्या वेळेत, आणि एक रविवारी. रविवारी बस असते का ते थांब्यावरच्या वेळापत्रकात बघा. पुष्कळ गावांत नसते. गावात ‘स्टेशन रोड’ आहे म्हणून रेल्वे असेलच असं समजू नका. १९६३ च्या, रेल्वेतल्या काटछाटीच्या बीचिंग अहवालानंतर ग्रामीण मार्ग धडाधड बंद झाले. स्टेशनं गेली, रस्त्यांची नावं तेवढी राहिली.

गाडीशिवाय भागणार नाही हे गृहीत धरा. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. ते बदलून मिळत नाही, इथली लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावीच लागते. घरात दोघांपैकी एकाकडेच लायसन्स असेल तर दुसरं माणूस अक्षरशः अडकून पडतं. पाहुण्या आलेल्या आई-बाबांचंही तेच. घराआधी परीक्षा उरका.

मुलं असतील तर शाळेचं नीट विचारा. प्राथमिक शाळा गावात किंवा शेजारच्या गावात असते. माध्यमिक बहुतेक वेळा जवळच्या बाजारपेठेच्या गावी. आठ वर्षांवरच्या मुलाची जवळची योग्य शाळा तीन मैलांहून लांब असेल तर कौन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, मोफत वाहतूक द्यावी लागते. पण ती ‘जवळच्या’ शाळेसाठी, तुम्हाला आवडलेल्या शाळेसाठी नाही. डॉक्टरांचंही तसंच: दवाखान्याची हद्द ठरलेली असते, तुमचं घर तिच्यात येतं का ते आधी फोन करून विचारा. औषधाचं दुकान तुमच्या घरापासून १.६ किलोमीटरपेक्षा लांब असेल तर काही ग्रामीण दवाखाने औषधं स्वतःच देतात. म्हाताऱ्या माणसांना ही मोठी सोय आहे.

मोबाइलची रेंज आणि ब्रॉडबँडचा वेग ऑफकॉमच्या (इथला दूरसंचार नियामक) तपासणी पानावर पिनकोड टाकून दिसतो. तरीही घर बघायला जाल तेव्हा जाडजूड दगडी भिंतींच्या आत उभं राहून घरी एक फोन लावा. आणि जिल्हा कौन्सिलच्या बांधकाम परवानग्यांच्या नोंदी चाळा. खिडकीतून दिसणाऱ्या त्या हिरव्यागार शेतावर दोनशे घरांचा अर्ज पडलेला असू शकतो. विकणारा माणूस कदाचित त्याचमुळे निघालाय.

पायरी २: पैसा, आणि ठाण्यातला फ्लॅट

घर विकत घ्यायला ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. व्हिसावर असलेल्यांनाही मॉर्गेज, म्हणजे गृहकर्ज, मिळतं. फक्त प्रत्येक बँकेच्या अटी वेगळ्या, त्यामुळे अशा प्रकरणांची सवय असलेला ब्रोकर गाठा. उत्पन्नाच्या साधारण साडेचार पटीपर्यंत कर्ज धरून चाला आणि घरं बघायला निघण्याआधी बँकेचं तत्त्वतः मंजुरीचं पत्र हातात ठेवा. ते नसेल तर एजंट फारसं मनावर घेत नाहीत.

आपली माणसं खरी अडखळतात ती स्टँप ड्यूटीत. एप्रिल २०२५ पासून पहिल्या १,२५,००० पौंडांवर काही नाही, तिथून २,५०,००० पर्यंत २ टक्के, पुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. म्हणजे ४ लाख पौंडांच्या घरावर १०,००० पौंड. आयुष्यातलं पहिलंच घर असेल तर ३ लाखांपर्यंत माफी आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत ५ टक्के, म्हणजे त्याच घरावर ५,०००. ५ लाखांच्या वर किंमत गेली की ही सवलत पूर्णच जाते.

आता, ‘पहिलं घर’ म्हणजे इंग्लंडमधलं पहिलं नव्हे, जगातलं पहिलं. ठाण्यात, पुण्यात, नाशकात तुमच्या नावावर फ्लॅट असेल तर सवलत गेली. वारसाने लागलेलं घरही यात मोजलं जातं, त्यामुळे कोकणातल्या वडिलोपार्जित घराला तुमचं नाव लागलं असेल तर तेही वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. शिवाय तुमच्या मालकीचं दुसरं घर, किंवा त्यातला तुमचा हिस्सा, ४०,००० पौंडांचा किंवा त्याहून जास्त असेल, म्हणजे ढोबळमानाने पंचेचाळीस-पन्नास लाख रुपयांचा, तर पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा कर बसतो. मग त्याच ४ लाखांच्या घरावर ३०,००० पौंड! कुठे ५,००० आणि कुठे ३०,०००. या जादा करासाठी नवरा-बायकोंना कायदा एकत्रच धरतो, म्हणून ‘फ्लॅट तिच्या नावावर आहे, घर मी एकटा घेतो’ ही युक्ती चालत नाही. तुम्ही सध्या राहता ते इंग्लंडमधलं घर विकून त्याच्या जागी हे घेत असाल तर मात्र जादा कर लागत नाही, भारतातला फ्लॅट असला तरी. आणि वर्षातले बरेच दिवस तुम्ही ब्रिटनबाहेर असाल तर अनिवासी म्हणून आणखी २ टक्के लागू शकतात.

भारतातून पैसे आणायचे असतील तर सहा महिने आधी हालचाल सुरू करा. तुमच्या एनआरई खात्यातला (परदेशातल्या कमाईचा) पैसा मोकळेपणी येतो. एनआरओ खात्यातून (भारतातल्या उत्पन्नाचं) आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत, सीएच्या दाखल्यासकट. आई-वडील देणार असतील तर त्यांना प्रत्येकी वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे आणि १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो नंतर आयकरात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. इथला वकील पै न् पैचा उगम विचारणार. बाबांनी प्लॉट विकला असेल तर खरेदीखताची इंग्रजी भाषांतरासह प्रत, बँक स्टेटमेंट, आणि ‘ही भेट आहे, परतफेड नको, घरात हक्क नको’ असं सहीचं पत्र. यात अपमान वाटून घेऊ नका, काळ्या पैशाविरुद्धचा कायदा आहे, इंग्रजालाही हेच विचारतात.

पायरी ३: घर बघणं आणि ऑफर

एस्टेट एजंट विकणाऱ्याचा माणूस असतो, पैसे त्यालाच विकणाऱ्याकडून मिळतात. गोड बोलेल, पण तुमची कमाल मर्यादा त्याला सांगू नका. १९९५ पासून कुठलं घर कितीला गेलं याची नोंद लँड रजिस्ट्रीच्या (सरकारी मालमत्ता नोंदणी खातं) संकेतस्थळावर फुकट दिसते. त्याच गल्लीतल्या तीन-चार विक्री बघून आकडा ठरवा. मालकीचा उतारा ७ पौंडांत मिळतो.

ऑफर तोंडी द्या आणि लगेच ईमेलने पक्की करा. आपल्याकडच्यासारखं टोकन, बयाणा काही नसतं. ऑफर मान्य झाली तरी कायद्याने कुणीच बांधलेलं नसतं. दुसऱ्याने जास्त दिले तर मालक फिरू शकतो, तसे तुम्हीही मागे येऊ शकता. शब्दाला इथे एवढीही किंमत नाही का, असं मनात येतं खरं. पण पुढची तपासणी याच मोकळ्या काळात करायची असते, म्हणून हा ढिलेपणा तुमच्याही कामाचा आहे. मान्यता मिळाल्यावर जाहिरात उतरवायला मात्र सांगा.

विकणाऱ्यालाही कुठेतरी घर घ्यायचं असतं आणि ते घर विकणाऱ्यालाही. अशी साखळी किती लांब आहे ते विचारून ठेवा. तीन-चार महिने सहज जातात.

पायरी ४: तपासणी. घाई करायची नाही ती इथे

बँक जी पाहणी करते ती बँकेसाठी; तिला आपल्या कर्जाएवढी किंमत घरात आहे का एवढंच बघायचं असतं. तुम्ही स्वतःचा सर्व्हेअर नेमा. जुन्या घराला तिसऱ्या, म्हणजे सर्वांत सखोल पातळीचा सर्व्हे, त्याखालचा नको, आणि सर्व्हेअरही जुन्या दगडी घरांची जाण असलेला. ही घरं चुन्यात बांधलेली असतात, आपल्या वाड्यांसारखी. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. मधल्या काळात कुणीतरी हौसेने सांधे सिमेंटने भरलेले असतात, आत प्लास्टिक रंग दिलेला असतो, मग ओल भिंतीतच कोंडते. इंजेक्शन देऊन ओल थांबवतो म्हणणाऱ्या विक्रेत्यांकडे जाण्याआधी सिमेंट काढून पुन्हा चुना भरण्याचा खर्च विचारा.

गवती छपराचं घर असेल तर विम्याचा दर आधी काढा, घराच्या प्रेमात पडण्याच्या आधी. छपराचा माथा साधारण दहा-पंधरा वर्षांनी नवा करावा लागतो आणि कारागिरांकडे रांग असते. लाकडाची शेगडी असेल तर धुराडं साफ केल्याची पावती विमा कंपनी मागते.

घर वारसा यादीत आहे का? हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या संस्थेची यादी ऑनलाइन आहे. तीन श्रेणी आहेत, बहुतेक घरं सर्वांत खालच्या ‘ग्रेड टू’ मध्ये. पण श्रेणी खालची म्हणून बंधन कमी असं नाही, आणि ते फक्त दर्शनी भागापुरतंही नाही. आतला जिना, तुळया, दारं, अंगणातलं १ जुलै १९४८ पूर्वीचं गोठाघर, सगळं त्यात येतं. परवानगीशिवाय खिडकी बदलणं हा फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते. म्हणून सुंदर नव्या डबल ग्लेझिंगच्या खिडक्या दिसल्या की आनंद नको, परवानगीचा कागद मागा. गाव ‘कन्झर्वेशन एरिया’त (जुनं रूप जपण्यासाठी ठरवलेला भाग) असेल तर झाडं तोडण्याआधीही सहा आठवडे कौन्सिलला कळवावं लागतं.

आता जमिनीखाली. पुष्कळ खेड्यांत गॅसची पाइपलाइन नाही आणि काही घरांना सांडपाण्याची सार्वजनिक गटारही नाही. गॅसच्या जागी परसात केरोसीनची टाकी असते. तेल बहुधा किमान ५०० लिटर घ्यावं लागतं, आणि सरकारी नियामकाची दरमर्यादा वीज-गॅसला आहे, या तेलाला नाही. गेल्या दोन हिवाळ्यांची बिलं मागून घ्या. टाकी दुहेरी भिंतीची आहे का तेही बघा. गळती झाली तर जमीन साफ करायचा खर्च कंबर मोडतो.

सांडपाण्याला सेप्टिक टँक असेल तर एकच प्रश्न विचारा: टाकीतलं पाणी शेवटी जातं कुठे? ते थेट ओढ्यात किंवा चरात सोडायला १ जानेवारी २०२० पासून मनाई आहे. जमिनीत मुरवायचं किंवा शुद्धीकरण संच बसवायचा. तो खर्च हजारो पौंडांत जातो. टाकी शेजाऱ्याच्या शेतात असेल तर तिथे जाण्याचा हक्क कागदावर हवा. हा मुद्दा किंमत कमी करून घ्यायला उत्तम.

वकील म्हणजे इथला सॉलिसिटर किंवा कन्व्हेयन्सर. तो कौन्सिल, पाणी-निचरा आणि पर्यावरण अशा ठरावीक चौकश्या करतोच. खेड्याच्या घरासाठी त्याला आणखी काही गोष्टी तुम्ही मुद्दाम विचारा.

सार्वजनिक पायवाट बागेतून जाते का? इंग्लंडमध्ये अशा वाटा कायद्याने जपलेल्या असतात. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून रविवारी चिखलाचे बूट घातलेली मंडळी गेली तर त्यांना अडवता येत नाही. ऑर्डनन्स सर्व्हेच्या २५ हजारी नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात.

घर संशयास्पद स्वस्त आहे का? मग ‘शेतीची अट’ असू शकते: शेतीवर काम करणाऱ्यानेच तिथे राहायचं. आयटीवाल्याला ते चालत नाही. तसंच राष्ट्रीय उद्यान किंवा संरक्षित प्रदेशातलं पूर्वीचं कौन्सिलचं घर असेल तर १९८५ च्या गृहनिर्माण कायद्याचं १५७ वं कलम बघायला सांगा. अशी काही घरं त्या भागात तीन वर्षं राहिलेल्या किंवा काम केलेल्या माणसालाच विकता येतात.

चर्चच्या दुरुस्तीचं देणं हा सर्वांत चमत्कारिक प्रकार. मध्ययुगापासून काही जमिनींवर गावच्या चर्चच्या पूर्वेकडच्या भागाची डागडुजी करण्याची जबाबदारी आहे आणि जमीन ज्याची त्याच्यावर ती येते, मग त्याचा धर्म कुठलाही असो. वॉरविकशायरमधल्या अ‍ॅस्टन कँटलो गावातल्या एका जोडप्याचं प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि २००३ मध्ये ते हरले. ऑक्टोबर २०१३ पासून हे देणं नोंदलेलं असावं लागतं, त्यामुळे धोका कमी झालाय. शंका राहिली तर एकरकमी छोटा विमा मिळतो. वकिलाला तेवढं सांगून ठेवा.

पुराचा नकाशा सरकारी संकेतस्थळावर आहे. २००९ पूर्वीच्या घरांना ‘फ्लड री’ योजनेमुळे विमा मिळतो, पण ही योजना २०३९ पर्यंतच. रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू कॉर्नवॉल-डेव्हनमध्ये जास्त, पण डर्बीशायर आणि नॉर्थअँप्टनशायरच्या काही भागांतही आहे. तीन महिने यंत्र ठेवून मोजता येतो आणि पंखा बसवून कमी करता येतो. यासाठी घर सोडून देऊ नका.

पायरी ५: अदलाबदल आणि किल्ली

सगळी उत्तरं आली, मॉर्गेजचं पत्र आलं, की दोन्ही वकील करारांची अदलाबदल करतात आणि तुम्ही बहुधा १० टक्के रक्कम भरता. इथून माघार घेतली तर ती गेली. घराचा विमा त्याच दिवसापासून सुरू हवा, ताबा नंतर असला तरी. विकणाऱ्याने भरलेली वस्तूंची यादी पुन्हा वाचा: पडदे, शेगडी, बागेतलं शेड, टाकीतलं तेल यांतलं काय राहणार, काय जाणार ते तिच्यात असतं.

पैसे पाठवण्याआधी वकिलाच्या बँक खात्याचा नंबर फोनवर खात्री करून घ्या. ‘आमचं खातं बदललं आहे’ असा हुबेहूब ईमेल पाठवून आयुष्यभराची पुंजी लुटल्याची प्रकरणं इथे झाली आहेत. किल्ली एजंटकडून मिळते. स्टँप ड्यूटी १४ दिवसांत भरायची. ते काम वकील करतो.

पायरी ६: राहायला गेल्यावर

पहिल्याच आठवड्यात दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांकडे जाऊन नाव सांगा. ते येतील याची वाट बघत बसलात तर दोघंही संकोचात महिना काढाल. पुष्कळ गावांत तुमचं एकच भारतीय घर असेल. कुतूहलाने बघतील, एखादा अगोचर प्रश्नही येईल. बहुतेक वेळा कुत्र्याच्या किंवा पावसाच्या विषयावर गाडी रुळावर येते.

शांत गाव म्हणजे आवाज नसलेलं गाव नव्हे. चर्चच्या घंटावादकांचा सराव आठवड्यातून एका संध्याकाळी असतो, ऑगस्टात कापणीची यंत्रं मध्यरात्रीपर्यंत चालतात, कोंबडा पहाटे आरवतो आणि शेतात खत पडलं की दोन दिवस खिडक्या बंद. याबद्दल तक्रार करणारा नवा रहिवासी गावात पिढ्यान्पिढ्या लक्षात राहतो.

रस्त्यावर घोडा दिसला तर ताशी १० मैलांच्या आत, दोन मीटर अंतर ठेवून जा. एका गाडीच्या रुंदीच्या रस्त्यावर ज्याला थांबायची जागा जवळ तो मागे जातो, आणि दुसरा हात वर करतो. तो हात न करणं फार लागतं त्यांना. कुंपण मार्च ते ऑगस्ट छाटू नका, पक्ष्यांची घरटी असतात.

पब आणि दुकान वापरा, नाहीतर ती बंद पडतात. काही गावांनी भागभांडवल जमवून ती स्वतः चालवायला घेतली आहेत, आणि काउंटरवर उभे राहणारे स्वयंसेवक त्यांना कायम हवे असतात. गणपती आणलात तर शाडूचा आणा आणि विसर्जन घरीच बादलीत करा. गावचं तळं बहुधा पॅरिश कौन्सिलच्या (आपल्या ग्रामपंचायतीसारखी गावपातळीची संस्था) ताब्यात असतं आणि त्यातली बदकं सगळ्या गावाची असतात.

कौन्सिल टॅक्सच्या बिलात पॅरिशचा छोटा हिस्सा असतो, बाकीचा कर तुमच्या घराची १ एप्रिल १९९१ ला किती किंमत असती यावर ठरलेला. मतदार यादीत नाव नोंदवा. भारतीय पासपोर्टवर, कुठल्याही वैध व्हिसावर असलात तरी, राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून तुम्हाला इथे मत देता येतं. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला की पॅरिश कौन्सिलवर उभंही राहता येतं. तिथल्या जागा अनेकदा रिकाम्याच असतात आणि पुरेसे उमेदवार नसले तर निवडणूक न घेता सदस्य निवडून घेतात. त्याची सूचना बसथांब्याजवळच्या काचेच्या फलकावर लावलेली असते. सभा सर्वांना खुल्या असतात. पहिल्या सभेला नुसतं ऐकायला जा, बहुधा विषय कुत्र्यांची घाण, खड्डे आणि गाड्यांचा वेग एवढेच असतील.